रोज चालूनही वजन उतरत नव्हतं: व्यायामानंतरच्या खाण्याचा माझा अनुभव

लक्षण असं: रोज सकाळी पाऊण तास भरभर चालायचं, तरी काटा जागचा हलत नाही आणि संध्याकाळी भूक आवरत नाही. फार वैताग आला होता.

आधी चालून आल्यावर दुपारपर्यंत काहीच न खाता पाहिलं; संध्याकाळी फरसाणाचा डबा रिकामा. मग मनगटावरचं घड्याळ दाखवेल तेवढ्या कॅलरी जास्त खाल्ल्या. त्या आकड्यावर विसंबू नये, त्यात नुसतं बसून खर्च होणारी ऊर्जाही धरलेली असू शकते. ७० किलोच्या माणसाच्या पाऊण तास भरभर चालण्यात साधारण २०० कॅलरी जातात; शेव घातलेले बशीभर पोहे त्याहून सहज जास्त.

लागू पडलं ते या क्रमाने. घरी आल्यावर आधी पाणी. मग वेगळं खाणं नाही, रोजचा नाश्ताच अर्ध्या-पाऊण तासात. त्यात पहिल्यांदा प्रथिनं: दोन उकडलेली अंडी किंवा मोठी वाटी मटकीची उसळ. त्यानंतर एक भाकरी. दिवसाचं एकूण खाणं वाढवायचं नाही, संध्याकाळचं थोडं सकाळी ओढायचं. माझ्या मते खरी किल्ली हीच. पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि ताक. वजन रोज सकाळी, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची, कारण मीठ-पाण्याने काटा किलोभर सहज हलतो.

संध्याकाळची भूक आधी शमली, वजन त्यानंतर हळूहळू उतरू लागलं. तासाभराहून जास्त धावणं किंवा गड चढणं असेल त्या दिवशी एक केळं जास्त. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.