नवजात बाळांमधल्या टोक्सोप्लाझ्माचा आलेख काढताय? या चुका टाळा

टोक्सोप्लाझ्मा हा एक परजीवी. गरोदरपणात आईला त्याची लागण झाली, तर बाळालाही होऊ शकते. सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते. बाळाची आयजीजी (लागणीनंतर रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आली की लगेच ‘लागण’ लिहून मोकळं होणं. अहो, आयजीजी वारेतून आईकडून बाळात येते. आईला लग्नाआधी कधीतरी लागण होऊन गेली असेल, तरी बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्हच येणार.

एका रुग्णालयाची एक्सेल शीट माझ्याकडे आली होती. लागण झालेली बाळं आदल्या वर्षाच्या तिप्पट, परिषदेची स्लाइडही तयार. उघडून पाहिलं, तर बहुतेक नोंदी पहिल्या आठवड्यातल्या आयजीजीच्या. आयजीएमचा, म्हणजे वार न ओलांडणाऱ्या प्रतिपिंडांचा, रकानाच नव्हता. त्यातल्या एका आईला बाळाचे डोळे जाऊ शकतात असं सांगूनही झालं होतं. नवव्या महिन्यात त्या बाळाची आयजीजी निगेटिव्ह आली. औषधाने आयजीजी दबू शकते, पण इथे औषध एकदाही दिलेलं नव्हतं, म्हणजे लागण नव्हतीच. त्या बाईचे ते नऊ महिने कोण परत देणार?

आयजीजी पॉझिटिव्ह पण आयजीएम निगेटिव्ह असेल, तर मी अशा बाळापुढे ‘प्रलंबित’ लिहिते आणि पुढच्या तपासणीची तारीख घालते. आईची आयजीजी साधारण वर्षभरात उतरते. वर्षानंतरही टिकली तर लागण पक्की. उपचार मात्र आलेखासाठी अडवू नका, तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. प्रबंध सहा महिन्यांत द्यायचा असेल तर दुसरा विषय घ्या.

आयजीएम नाळेच्या रक्तात सापडली तर थांबा. त्यात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. बाळाचं स्वतःचं रक्त घेऊन पुन्हा तपासा.

आईची आयजीएम वर्षभरही रेंगाळू शकते, म्हणून तेवढ्यावर ‘गरोदरपणातली लागण’ लिहू नका. आधी ॲव्हिडिटी बघा, म्हणजे आयजीजी परजीवीला किती घट्ट चिकटते ते; घट्ट असेल तर लागण जुनी.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे छेद न लिहिणं. ‘यंदा बारा बाळं’ म्हणजे कितीपैकी? फ्रान्समध्ये लागण न झालेल्या गरोदर स्त्रियांची १९९२ पासून दरमहा तपासणी होते. तिथल्या राष्ट्रीय पाहणीत, आधी लागण होऊन गेलेल्या गरोदर स्त्रियांचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ५४ टक्के होतं, २०१० मध्ये सुमारे ३७. त्या उताराला अर्थ आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘टॉर्च’ (टोक्सोप्लाझ्मासकट काही संसर्गांची एकत्र तपासणी) लिहून दिली तरच नमुना येतो. नवे डॉक्टर रुजू झाले, नमुने दुप्पट झाले की आलेखही चढतो. मी दर महिन्याच्या आकड्याशेजारी एकूण प्रसूती आणि तपासलेली बाळं हाताने लिहिते.

तपासणीचं किट बदललं त्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारा; चढउतार किटमुळेही असू शकतो.

आणि बाळ मोजा, नमुने नव्हे. चार वेळा तपासलेलं बाळ चार ओळींत दिसतं. मी आईचा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख लावून ओळी जुळवते, जुळ्यांसाठी पुढे अ आणि ब.