हाडाची बायोप्सी लॅबमध्ये येते तेव्हा

मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे टिश्यू मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या, लॅबला लागलात की हाडाची बायोप्सी लवकरच तुमच्या टेबलावर येईल. जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचे पेशंट इथे येतात. कंबर किंवा मांडी दुखते म्हणून एक्स-रे काढलेला असतो आणि त्यात हाड पोखरलेलं दिसतं. चाळिशीनंतर अशा हाडात मूळ हाडाच्या कॅन्सरपेक्षा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) निघायची शक्यता जास्त.

तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये नीट फिक्स होऊ द्या, म्हणजे पेशी आहेत तशा टिकतात. ग्रॉसिंग करताना, म्हणजे तुकडा डोळ्यांनी पाहून भाग निवडताना, तो चिमट्याने अगदी हलके चाचपा. कचकच लागते ते हाड. मऊ लागतं ते, आणि सोबत आलेली रक्ताची गुठळीसुद्धा, वेगळ्या कॅसेटमध्ये (टिश्यूच्या छोट्या डबीत) घ्या. त्याचं डिकॅल (कॅल्शियम काढून हाड मऊ करणं) करूच नका. कॅन्सरच्या पेशी कितीदा तरी त्या मऊ भागातच सापडतात, आणि आयएचसी (अँटीबॉडी लावून पेशीतली ठरावीक प्रोटीन्स, म्हणजे मार्कर, दाखवणारी तपासणी) त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) उत्तम उठते. नवख्याने सगळ्यात आधी हेच शिकावं असं मला वाटतं.

उरलेल्या हाडाचं डिकॅल. नायट्रिक ॲसिडने काम लवकर उरकतं, आणि नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असले की तोच मोह होतो. पण तीव्र ॲसिडात डीएनए तुटतो, ईआर-पीआर (हार्मोन रिसेप्टर) खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या की नाही हे त्यावरच ठरतं. ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारं रसायन) वेळ खातं, पण पेशी राखतं. नातेवाइकांना दोन दिवस जास्त लागतील म्हणून स्पष्ट सांगा, कारणासकट सांगितलं की लोक थांबतात.

मग कॅन्सर मूळचा कुठला, हा प्रश्न. फॉर्मवर नुसतं ‘लिटिक लिजन’ (हाड पोखरलेली जागा) लिहिलेलं असेल तर ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन लावा. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा हाड दाट करतो, किडनीचा आणि थायरॉइडचा पोखरतो. आता मार्कर. टीटीएफ-१ फुप्फुसात आणि थायरॉइडमध्येही पॉझिटिव्ह येतो, म्हणून थायरोग्लोब्युलिन जोडीला लागतं. पॅक्स-८ किडनीसाठी, गाटा-३ स्तनासाठी, एनकेएक्स ३.१ प्रोस्टेटसाठी, मायलोमाची शंका असेल तर सीडी१३८. कोअर (सुईने काढलेला तुकडा) बारीक असतो, सगळे मार्कर एकदम लावले तर टिश्यू संपतं. ब्लॉक पहिल्यांदा मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) असतानाच जादा कोऱ्या स्लाइड काढून ठेवा, कारण पुन्हा लावला की ट्रिमिंगमध्येच (पृष्ठभाग सपाट करतानाच) बरंच टिश्यू जातं.

डिकॅल कशात आणि किती वेळ केलं ते रिपोर्टात लिहा. ब्लॉक रिव्ह्यूला पुण्या-मुंबईला गेला, तर निगेटिव्ह मार्करवर किती विसंबायचं हे तिथल्या पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच कळतं.