लांब पल्ल्याच्या डोंगरी सायकल शर्यतीत वाटेवरची दुरुस्ती

रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या रस्त्यावरील शर्यतीत स्पर्धकामागे मदतनिसांची गाडी असते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या पाठीशीही असा चमू होता. डोंगरवाटांवर मात्र गाडी मागे येऊच शकत नाही. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत जाणाऱ्या सुमारे ४,४०० किलोमीटरच्या टूर डिव्हाइड या सायकल शर्यतीत तर आपली दुरुस्ती आपण करावी किंवा सर्वांना खुल्या असलेल्या दुकानात करून घ्यावी, असाच नियम आहे. सह्याद्रीतील शंभर किलोमीटरची शर्यत त्या मानाने छोटी असली, तरी पठाराच्या मध्यावर सायकल बंद पडल्यास जवळचे दुकान घाटाखाली असते आणि तेथे आपल्या सायकलीचा सुटा भाग मिळेलच, अशी खात्री नसते. म्हणून अशा शर्यतीची तयारी करताना पायांइतकेच लक्ष हत्यारांच्या पिशवीकडे द्यावे लागते.

शर्यतीच्या आधीचा आठवडा तपासणीसाठी राखावा. ट्यूब नसलेल्या (ट्यूबलेस) टायरमधील भोके बुजवणारे द्रव, म्हणजे सीलंट, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांतही आटते. चाक काढून कानाजवळ हलवल्यावर द्रवाचा आवाज आला नाही, तर नवे भरावे. २९ इंची, साधारण २.३ इंच रुंदीच्या टायरला ९० ते १२० मिलिलिटर पुरते. चेन मापकाने मोजावी आणि अकरा-बारा गियरच्या सायकलीवर झीज ०.५ टक्क्यावर गेली असल्यास ती बदलावी. मात्र नवी चेन किमान एका लांब फेरीत चालवून पाहिल्याशिवाय शर्यतीत नेऊ नये. ब्रेक पॅडवरील घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला असेल, तर तो पॅड संपला असे समजावे. हँडल, त्याला धरून ठेवणारा स्टेम, सीटपोस्ट आणि बूट पेडलला अडकवणाऱ्या क्लीटचे बोल्ट ठरलेल्या दाबानेच आवळावेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी कोणताही नवा भाग बसवू नये, कारण तो कसा वागतो हे कळण्याची वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते.

पिशवीत ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, टी-२५ (तारकाकृती टोकाचा) पाना, चेन तोडण्याचे हत्यार, आपल्या चेनच्या मापाच्या दोन क्विक लिंक (चेन जोडण्याच्या सुट्या कड्या), एक ट्यूब, टायरमधील भोक बुजवणाऱ्या प्लगचा संच, टायर लिव्हर, हातपंप, ब्रेक पॅडची एक जोडी, तेलाची लहान बाटली, थोडी चिकटपट्टी आणि काही झिप टाय असावेत. टायर भरण्याची वायूची नळकांडी वेळ वाचवतात, पण ती संपतात. म्हणून हातपंप कधीही घरी ठेवू नये. याखेरीज डीरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) चौकटीला जोडणारा हँगर जवळ हवाच. हा लहानसा धातूचा तुकडा बहुतेक कंपन्यांच्या चौकटींत वेगवेगळ्या आकाराचा असतो, त्यामुळे दुसऱ्या स्पर्धकाकडचा आपल्या उपयोगी पडेल, या भरवशावर राहता येत नाही.

दख्खनच्या पठारावर सर्वांत जास्त वेळ पंक्चर खाते, आणि त्याचे कारण बाभळीचे काटे व सराटे. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल, तर तो शर्यत संपेपर्यंत उपटू नये. काटा स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो. हवा जात असल्यास फेस कोठून येतो ते पाहावे, चाक फिरवून ते भोक खाली आणावे आणि सीलंटला काही क्षण काम करू द्यावे. तेवढ्याने भागले नाही, तर प्लग दोन-तृतीयांश आत ढकलून हत्यार झटक्यात बाहेर ओढावे व हवा भरावी. नळकांड्यातून हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवावा, कारण थंड वायू थेट लागला तर काही सीलंट गोठते.

ट्यूब घालण्याची वेळ आल्यास खरी दक्षता येथे लागते. सीलंटने आजवर झाकून ठेवलेले कितीतरी जुने काटे टायरच्या आतल्या बाजूने डोकावत असतात आणि नवी ट्यूब पहिल्याच किलोमीटरमध्ये फोडतात. म्हणून ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढून टाकल्यावर रुमालासारखे कापड टायरच्या आतून संपूर्ण गोल फिरवावे. ते जेथे अडकेल तेथला काटा बाहेरून उपटावा. दहा मिनिटे गेली तरी हे काम अर्धवट सोडू नये. टायरची कड कातळाने चिरली असेल, तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड वेष्टण घडी करून ठेवावे आणि मगच ट्यूब भरावी, नाहीतर ती चिरेतून फुग्यासारखी बाहेर येते.

पावसाळ्यात प्रश्न बदलतात. काळ्या मातीचा ओला पट्टा समोर आला, तर त्यात सायकल घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ती माती टायर आणि चौकटीच्या मध्ये भरते, चाक फिरणे थांबते, आणि तरीही पेडल मारत राहिल्यास चेन अडकून डीरेलर मोडतो. टूर डिव्हाइडच्या स्पर्धकांना न्यू मेक्सिकोतील चिकट मातीत हाच अनुभव येतो. सायकल वेळीच खांद्यावर घ्यावी, कडेच्या गवतावरून चालावे आणि साचलेला चिखल काटकीने काढावा. ओढा ओलांडल्यावर किंवा चेन कोरडी करकरू लागल्यावर ती पुसून थोडे तेल द्यावे. असा आवाज कानावर आला की ‘पुढच्या थांब्यावर पाहू’ म्हणणे महागात पडते. मोठे बिघाड बहुधा आधी लहान आवाजाने खबर देतात.

चेन तुटलीच, तर वाकलेली कडी हत्याराने काढून क्विक लिंक घालावी. मग ती क्विक लिंक वरच्या बाजूस आणून मागचा ब्रेक धरावा आणि पेडलवर जोर द्यावा, म्हणजे ती खटकन बसते. चेन आता आखूड झालेली असते, त्यामुळे मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचा गियर टाळावा.

पडल्यानंतर गियर खडखडू लागले, तर आधी मागून पाहून हँगर वाकला आहे का ते तपासावे. वाकलेल्या हँगरवर सर्वांत हलका गियर (मागची सर्वांत मोठी चकती) टाकल्यास डीरेलर चाकाच्या तारांत शिरतो आणि एका क्षणात चाक, डीरेलर व कधी चौकटही निकामी होते. हँगर बदलणे हे काही मिनिटांचे काम आहे. डीरेलरच तुटला असेल, तर तो उतरवावा, पुढच्या चकतीशी सरळ रेषेत येणारी कॅसेटमधील (मागच्या चकत्यांच्या संचातील) एक मधली चकती निवडावी आणि चेन तेवढ्यापुरती आखूड करून एकाच गियरवर चालावे. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत ते दबताना चेनची लांबी बदलते, म्हणून थोडी ढील ठेवावी. चढ चालत पार करावे लागतील, पण शर्यत पूर्ण होऊ शकते.

चाकाची एखादी तार तुटून चाक वाकडे फिरू लागले, तर ती शेजारच्या तारेला गुंडाळावी. डिस्क ब्रेकमुळे थोडे डुगडुगणारे चाकही बराच वेळ साथ देते.

ब्रेककडे दुर्लक्ष करू नये. कोकणातील जांभ्याचा लाल चिखल रेझिनचे पॅड एका दिवसात संपवू शकतो, म्हणून पावसाळ्यात धातूमिश्रित पॅड लावावेत. पॅड बदलताना जुने पॅड जागेवर असतानाच टायर लिव्हरने पिस्टन मागे ढकलावेत, आणि चाक काढलेले असताना ब्रेक दाबू नये. लांब घाट उतरताना ब्रेकचा लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला, तर थांबावे आणि डिस्क आपोआप निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतल्यास ती वाकते. वाटेत कोणी ब्रेकचे तेल देऊ केले, तरी मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट हे दुसऱ्या प्रकारचे ब्रेकचे द्रव कधीही घालू नये, कारण त्यातील रबरी सील त्याने खराब होतात.

काही बिघाड मात्र वाटेवर दुरुस्त करायचे नसतात. हँडल, स्टेम किंवा चौकटीला तडा गेला असेल, पुढचा ब्रेक पूर्ण गेला असेल किंवा दोन्ही पॅड संपून नवे नसतील, तर उताराला सायकलवर बसू नये. अशा वेळी पुढच्या तपासणी नाक्यावर जाणाऱ्या स्पर्धकाकडून आपला क्रमांक आणि ठिकाण आयोजकांना कळवावे, मोबाइलची बॅटरी राखावी आणि खुणा केलेल्या वाटेवरूनच सायकल हाताने धरून खाली उतरावे.