जेट स्कीची गेलेली चकाकी परत आणताना

मालवण, तारकर्ली किंवा कलंगुटच्या उन्हात उभ्या राहिलेल्या जेट स्कीचा लाल रंग दोन-तीन हंगामांत फिका गुलाबी दिसू लागतो. रंग उडालेला नसतो. जेलकोटचा, म्हणजे फायबरच्या बॉडीवरच्या रंगीत चकचकीत लेपाचा, वरचा थर उन्हाने करपून खडूसारखा झालेला असतो. ओलं बोट फिरवा. ओल्या जागी मूळ रंग उठून दिसला, तर काम होण्यासारखं आहे.

आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ पूर्ण काढा. मिठाचा एक खडा जरी पॉलिशिंग मशीनच्या पॅडखाली आला तरी ओरखडे पडतात. स्टिकर आणि नोंदणी क्रमांकावर मास्किंग टेप लावा. खडूपणा हलका असेल तर थेट रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) वापरा, पॉलिश पेपरला हात लावू नका. फारच खडू झाला असेल तरच १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर), मग १५०० आणि २०००, भरपूर पाणी सोडत. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि कडा-कोपऱ्यांवर त्याहूनही पातळ, तिथे मशीन नकोच, हातानेच घासा.

कंपाउंड सावलीत, कमी वेगावर, दोन-दोन फुटांच्या पट्ट्यात. मशीन एका जागी थांबवलं की जेलकोट जळतो. शेवटी मरीन वॅक्स. ते टाळलंत तर सगळी मेहनत पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात.

अलीकडच्या काही मॉडेल्सची बॉडी मात्र रंग दिलेली किंवा प्लॅस्टिकची असते. तिथे वॉटर पेपर चालवण्याआधी मॅन्युअल बघा.