एकच काटापावती दोनदा: माझा अनुभव

रावेरकडे केळीच्या वजनाच्या नोंदी मी सांभाळतो. शेतात मोबाइलवर काटापावती भरली की ती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जाते. एका संध्याकाळी एका आप्पांचा फोन आला, "भाऊ, माझा माल 42 क्विंटल, तुमच्याकडे 84 कसा?" शेतात रेंज जाते-येते, उत्तर मिळालं नाही म्हणून मोबाइलने तीच पावती परत पाठवली होती.

तोवर मी आधी सिलेक्ट करून, म्हणजे टेबलात शोधून बघायचो, पावती नसेल तरच इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद. पण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच दिसतं आणि दोन्ही आत जातात. कोडमध्ये कितीही तपासा, ही फट राहतेच. राखण डेटाबेसनेच करायला हवी.

म्हणून काटा क्रमांक, तारीख आणि पावती क्रमांक या तिन्हींवर मिळून युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जुळणी दुसऱ्यांदा आत न घेणारा नियम, टाकला. तो तयारच होईना, कारण जुन्या दुबार ओळी टेबलात होत्या. कागदी पावत्या समोर ठेवून त्या एकेक काढल्या. सगळा वेळ त्यातच गेला. मग इन्सर्टच्या शेवटी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडलं, म्हणजे तीच पावती परत आली तर एरर न देता ती सोडून दिली जाते. ही सोय 9.5 आवृत्तीपासून आहे.

त्या तिन्ही कॉलमना नॉट नल लावाच, म्हणजे ते रिकामे (नल) राहू शकणार नाहीत. वेगळं सांगितलं नाही तर पोस्टग्रेस दोन नल एकसारखे धरत नाही, त्यामुळे दुबार नोंद गुपचूप आत येते. शिवाय ओळ आधीच असेल तर नोंदीचा आयडी परत मागणारं 'रिटर्निंग आयडी' रिकामं येतं. आयडी वेगळा सिलेक्ट करून घ्यावा लागतो.

रात्री आप्पांना फोन करून 42 चा आकडा वाचून दाखवला.