नको असलेल्या ईमेलचा ढीग कसा उपसावा

इनबॉक्स भरून वाहू लागला की आपण दिसेल तो मेल डिलीट करत सुटतो. पण नळ चालूच राहिला तर बादली उपसून काय होणार? दुसऱ्या दिवशी ढीग तेवढाच असतो.

आधी मेलचे दोन ढीग करा. एक, कधीतरी खरेदी करताना किंवा खाते उघडताना आपण स्वतःच ज्या यादीत शिरलो, त्या यादीचे मेल. दुसरा खरा स्पॅम, म्हणजे ज्यांचे नावही कधी ऐकले नाही अशांचे मेल. दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

पहिल्या ढिगासाठी मेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘अनसबस्क्राइब’ (unsubscribe, म्हणजे यादीतून नाव काढणे) टाइप करा. जवळपास सगळ्या यादीवाल्या मेलच्या तळाशी हा शब्द असतो, त्यामुळे ते एका जागी येतात. मग एकेक उघडा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाजवळच अनसबस्क्राइबचे बटण दिसले तर तेच दाबा. २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय देणे आणि दोन दिवसांत नाव वगळणे बंधनकारक केले आहे. म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहा. तरीही मेल येतच राहिले तर खुशाल ब्लॉक करा.

स्वतः घेतलेल्या यादीला कंटाळून ‘स्पॅम’ ठरवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा तक्रारी साचल्या की ती यादी ज्यांना हवी आहे, त्यांचेही मेल स्पॅममध्ये जाऊ लागतात.

दुसऱ्या ढिगाशी मात्र बोलायचेच नाही. उत्तर नको, लिंक नको, आणि तळाशी अनसबस्क्राइब लिहिलेले असले तरी त्यावर क्लिक नको. क्लिक केले की हा पत्ता जिवंत आहे हे समोरच्याला कळते. नुसते चित्र उघडल्यानेही ते कळू शकते, कारण मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एखादे बारीकसे चित्र लपवलेले असते. म्हणून सेटिंगमध्ये ‘बाहेरची चित्रे दाखवण्यापूर्वी विचारा’ हा पर्याय निवडा. मेल डिलीट करण्याऐवजी ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबा, म्हणजे स्पॅम ओळखणारा फिल्टर शिकतो.

फिल्टरही चुकतो. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसून टाकते, तेव्हा आठवड्यातून एकदा तिथे डोकवा. कामाचा मेल सापडला तर ‘नॉट स्पॅम’ करा.

हव्या असलेल्या यादीसाठी वेगळे लेबल, म्हणजे नावाचा कप्पा, करा आणि तिचे मेल इनबॉक्स टाळून थेट तिथेच जातील असा फिल्टर लावा. नवीन ठिकाणी पत्ता देताना जीमेलवर ॲट चिन्हाच्या आधी अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडता येतो. मेल तुमच्याकडेच येतो, पण पुढे त्या पत्त्यावर स्पॅम आला तर पत्ता कुठून फुटला याचा माग लागतो. काही फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत, हे खरे.

तुम्ही स्वतः एखाद्या गटाला मेल पाठवत असाल तर सगळ्यांचे पत्ते ‘टू’मध्ये न टाकता ‘बीसीसी’त टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. गट वाढला की यादीला मेल पाठवून देणारी सेवा वापरा, आणि नाव घालण्यापूर्वी त्या व्यक्तीला पुष्टीचा मेल पाठवा. तिने होकार दिला तरच तिचे नाव यादीत घाला.