आटलेल्या बोअरला दाबाने जाग आणताना

निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतूनच येतं. फटी बुजल्या किंवा एकमेकींना जोडलेल्या नसल्या की बोअर आटते. अशा वेळी हायड्रोफ्रॅक्चरिंग, म्हणजे बोअरमध्ये जोराच्या दाबाने पाणी घालून फटी उघडणं, करून बघावं.

आधी पंप काढा. खोली, पाण्याची पातळी आणि किती पाणी येतं ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर फरक कळणार नाही. साध्या सहा-साडेसहा इंची बोअरमध्ये पॅकर (फुगणारा रबरी बूच) केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या) बऱ्याच खाली, अखंड खडकातच बसवा. भेगाळ जागी तो धरत नाही. बोअरच्या तोंडाशी पाणी उसळलं की समजा, बूच सुटला.

मग पॅकरखाली टँकरचं स्वच्छ पाणी दाबा. दाब दाखवणारा काटा चढत जातो आणि एकदम खाली येतो. तोच फट उघडल्याचा क्षण. लगेच थांबू नका, आणखी काही मिनिटं पाणी चालू ठेवा. काटा नुसता चढतच राहिला तर जोर करू नका, पॅकर हलवा. असे दोन-तीन टप्पे करा.

तेलविहिरीत फट मिटू नये म्हणून वाळू घालतात. इथे सहसा लागत नाही. शेवटी कॉम्प्रेसरने गाळ उपसा, मगच पंप सोडा. मुळात कोरड्या खडकात मात्र हा खर्च वाया जातो.